मनाच्या जखमेची नोंद कुठे करायची?

मशीनमध्ये बोट गेलं, तर त्या बोटाचा हिशेब कायद्यात लिहून ठेवलेला आहे. अंगठ्याचा वेगळा, करंगळीचा वेगळा. एक डोळा गेला तर माणसाची कमाईची ताकद किती टक्के घटली, हेही ठरलेलं आहे. पण कामावर असताना मन मोडलं तर? त्याचा रकाना मला कुठे सापडला नाही.

माझ्या ओळखीच्या एक नर्सबाई आहेत. डोंगरातल्या उपकेंद्रावर एकट्या राहायच्या. एके रात्री बाळंतपणात गुंतागुंत झाली, गाडी वेळेवर आली नाही आणि बाई दगावली. गावातल्या माणसांनी पहाटेपर्यंत उपकेंद्राला घेराव घातला. बाईंना कुणी हात लावला नाही, अंगावर ओरखडाही नाही. पण त्यानंतर दाराची कडी वाजली की त्यांचे हात थरथरायचे. झोप गेली. चार महिने बिनपगारी रजेवर काढले. डॉक्टरांच्या दाखल्यावर कारण काय, तर ‘अशक्तपणा’! तसं लिहा म्हणून त्यांनीच विनवलं होतं. खरं लिहिलं असतं तर सासरी आणि ऑफिसात ‘डोक्यावर परिणाम झाला’ हा शिक्का बसला असता ना!

आता कायदा काय म्हणतो ते बघू या. नोकरीमुळे आणि नोकरी करत असताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, हे आपल्याकडे १९२३ सालीच ठरलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’नं घेतली. दोन्हींत व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. शिसं, पारा, फुफ्फुसात जाणारी धूळ, सगळं आहे. नैराश्य नाही, भीतीचा आघात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मात्र २०१०मध्येच आपल्या यादीत मानसिक आजार घातले आहेत. गंमत बघा, कामाच्या ताणानं हृदयविकाराचा झटका आला आणि तो संबंध सिद्ध झाला, तर आपल्याकडे भरपाई मिळू शकते. म्हणजे ताणानं हृदय बंद पडलेलं चालतं, पण त्याच ताणानं मन बंद पडलेलं चालत नाही!

आशाताईंची तऱ्हा तर आणखी वेगळी. २००५पासून त्या गावोगावी राबताहेत. पण कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. २०१८मध्ये त्यांना अपघात विमा लागू झाला. त्यात हात, पाय, डोळे मोजलेत. मन तिथेही राहूनच गेलं.

‘अहो, मनाचं कसं मोजणार? उद्या कुणीही उठेल आणि मन दुखलं म्हणून पैसे मागेल,’ असं एका गृहस्थांनी मला ऐकवलं. त्यांना मी सांगितलं, पाठदुखीही डोळ्यांना दिसत नाही, तरी डॉक्टर दाखला देतातच. आणि मनाच्या जखमेला पैशात मोजायला आपला कायदा शिकलेलाच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं कलम १५ काढून बघा. पीडित बाईला किती रक्कम द्यायची हे ठरवताना मानसिक आघात, यातना, हुकलेली संधी आणि मानसोपचाराचा खर्च विचारात घ्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शिवाय त्या कायद्यात विनामोबदला काम करणारी स्वयंसेविकाही कर्मचारीच धरली जाते, आणि कामानिमित्त ती जिथे जाईल ते कामाचंच ठिकाण.

या कायद्याचं मूळ कुठे आहे, ठाऊक आहे ना? राजस्थानातल्या भटेरी गावात. सरकारी महिला विकास कार्यक्रमातली ‘साथिन’ भंवरी देवी बालविवाह रोखायला गेली, म्हणून १९९२मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून पुढे १९९७चा विशाखा निकाल आला आणि सोळा वर्षांनी कायदा. म्हणजे खेड्यात एकटीनं काम करणाऱ्या बाईमुळे देशातल्या ऑफिसांना संरक्षण मिळालं. मग छळापुरतं जे मोजता येतं, ते जमावाच्या धाकापुरतं, रात्रीच्या एकट्या ड्यूटीपुरतं का मोजता येऊ नये?

ऑस्ट्रेलियात मानसिक इजेसाठी भरपाईचे दावे करता येतात. तिथेही निकष कडक आहेत, वादही होतात. पण २०१६मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम वस्तीत एका नर्सचा खून झाला, तेव्हा त्या राज्यानं कायदाच केला: अशा भागात ड्यूटीच्या वेळेबाहेर कॉल आला तर नर्सबरोबर दुसरं माणूस हवंच. मला हे भरपाईहून मोलाचं वाटतं. जखम होऊच नये, याची सोय आधी.

तेव्हा आपली मागणी साधी आहे. आजारांच्या यादीत मनाच्या आघाताला जागा द्या. आशा, अंगणवाडीताईंना त्या कायद्याखाली आणा. आणि रात्री कुठल्याही बाईला एकटीला पाठवू नका.

तोवर मैत्रिणींनो, एक कराच. असा प्रसंग घडला तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून ऑफिसला द्या आणि पोच घ्या. भरपाईच्या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, आणि नंतर तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यावर बोला. आणि डॉक्टरांकडे गेलात, तर ‘अशक्तपणा’ लिहा म्हणू नका. जे झालंय तेच लिहायला सांगा. आपणच आजाराचं नाव लपवलं, तर कायद्याच्या यादीत ते येणार तरी कसं?