पाण्याच्या मागावर तीन दिवस

इराण्याच्या हॉटेलात बसून ब्रून मस्का चहात बुडवला नाही, असा मुंबई-पुण्याचा वाचक विरळाच. त्या हॉटेलांचे कितीतरी मालक मूळचे इराणमधल्या यझ्दकडचे. उन्हाळा आला की आपल्याकडे टँकरची वाट पाहणं सुरू होतं. वाळवंटातलं हे शहर मात्र शतकानुशतकं तगलं. कसं, ते पाहण्यासाठी या अंकात तीन दिवसांच्या सहलीची आखणी देत आहोत.

प्रेक्षणीय स्थळांची यादी टाळून आम्ही पाण्याचा माग धरला. डोंगरपायथ्याचं पाणी ‘कनात’ म्हणजे जमिनीखालच्या भुयारी कालव्यांतून, निव्वळ उताराच्या जोरावर इथे येतं. म्हणून पहिला दिवस जलसंग्रहालय आणि २०१७ पासून जागतिक वारसा ठरलेल्या मातीच्या गल्ल्यांचा. दुसरा दौलताबाद बागेचा: तिथला सुमारे ३३ मीटर उंच बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा, वरची झुळूक पकडून थेट खोलीत उतरवतो. तिसरा, पाण्याचा माग थोडा सोडून, झरतुष्टी अग्निमंदिराचा: इमारत १९३४ची, अग्नी मात्र सुमारे दीड हजार वर्षं तेवत असल्याचं मानतात.

निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना जरूर पाहा. आणि तुमच्या घरी, शेजारी यझ्दच्या आठवणी असतील तर आम्हाला अवश्य लिहून पाठवा.