गर्भपात झाला की बोट सुनेकडेच. कारणं मात्र वेगळीच

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल आणि पुढचे पाच-सहा महिने उसाचा फड. तिथंच एखादीचं दोन-अडीच महिन्यांचं पोट पडतं. दोन दिवस कोपीत पडून राहायचं आणि तिसऱ्या दिवशी परत कोयता हातात घ्यायचा. गावी फोन गेला की पहिला सवाल ठरलेला, "हिनं काय खाल्लं? काय उचललं?"

डॉक्टरांचं गणित वेगळं आहे. दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० बायांपैकी साधारण १० ते १५ जणींचा गर्भ टिकत नाही. यातले बहुतेक गर्भ पहिल्या १२ आठवड्यांतच जातात आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांत कारण एकच असतं, गर्भ तयार होतानाच गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. असा गर्भ कितीही जपला तरी वाढत नाही. ही चूक बाईच्या बीजातून येते तशी पुरुषाच्या बीजातूनही येऊ शकते. पिकलेली पपई, गिरण (ग्रहण), कुणाची नजर, दचकणं यांचा याच्याशी काही संबंध नाही.

बाकीची कारणं तपासणीत सापडतात. ताब्यात नसलेली साखर, थायरॉईड, वाढलेला रक्तदाब, गर्भपिशवीतला दोष, मलेरिया. मिश्री आणि तंबाखूही त्यातच. पस्तिशीनंतर धोका वाढतो.

एक कारण मात्र गोठ्यातलं आहे आणि त्याबद्दल गावात फारसं कुणी बोलत नाही. गाय, म्हैस, शेळी गाभडली की पडलेलं वासरू नि वार हातानेच उचलली जाते, बहुतेक वेळा घरच्या बाईकडूनच. जनावर ब्रुसेल्लामुळे गाभडलं असेल तर तो रोग माणसाला लागतो आणि गरोदर बाईचा गर्भही पडू शकतो. कच्च्या दुधातूनही तो येतो. म्हणून दूध उकळूनच प्यायचं, आणि गाभडलेल्या जनावराला गरोदर बाईनं हातच लावायचा नाही. दुसऱ्या कुणी उचललं तरी हातमोजे घालून, आणि खोल पुरायचं. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-वगारींना याची लस सरकारी दवाखान्यातून मोफत मिळते.

मग जड कामाचं काय? रोजची घरची कामं केल्यानं गर्भ पडत नाही. पण पहाटेपासून वाकून तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, प्यायला धड पाणी नाही, हे रोजचं काम नव्हे. सततचं वजन आणि उन्हाचा ताप यानं धोका वाढतो, असंच वैद्यक सांगतं.

दवाखान्यात जायला बाया घाबरतात त्यामागे एक शब्दही आहे. आपोआप गळाला तरी गर्भपात आणि मुद्दाम केला तरी गर्भपातच. त्यामुळे 'पोलीस केस होईल' ही भीती. आपोआप झालेला गर्भपात हा गुन्हा नाही. तासाला एक पॅड भिजेल एवढं रक्त, ताप, घाण वास, चक्कर किंवा पोटात एका बाजूला जोराची कळ असेल तर थांबू नये, १०८ला फोन करावा. पोटात काही राहून गेलं तर जिवावर बेततं. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं, पुढच्या बाळासाठी ७२ तासांच्या आत इंजेक्शन लागू शकतं.

एकदा गर्भ गेला तर पुढच्या वेळी बहुतेकींना नीट बाळ होतं. दोन-तीनदा असं झालं तर मात्र तपासणी नवरा-बायको दोघांची व्हायला हवी. इथं सासरचे सुनेला घेऊन जातात, पोराला नाही.

मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. कारखान्याच्या ऑफिसात कामाला असलेल्या बाईला ती मागता येते. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारीचं नाव मात्र हजेरीपटावर नसतं. व्यवहार मुकादमाशी, आणि तोही बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. ती फडावर आली नाही की कोयत्याचा खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो.