विश्लेषण : शाळेतली समाजसेवा खराट्याच्या पुढे कधी जाणार?

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आली की वऱ्हाडातल्या शाळांत खराटे निघतात. मैदान झाडायचे, फोटो ग्रुपवर टाकायचा, की समाजसेवा झाली. आता मात्र अशा कामाला वेळापत्रकातच जागा होत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी वर्षातले १० दिवस दप्तराविना सुचवले आहेत. राज्यात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. प्रश्न एवढाच की, मिळालेल्या वेळेत मुलांनी नेमके करायचे काय?

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाबरोबर समाजसेवाही शिक्षणाचा भाग करायला सांगितले. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर ही तिची चौकट अनेकांनी कॉलेजात अनुभवली आहे. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा शब्दप्रयोग दिला. आज शाळेत कार्यानुभव आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे. दोन्हींना श्रेणी मिळते. त्यामुळेच की काय, वही पूर्ण झाली की विषयही संपतो.

सक्ती केली तर?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने हा प्रयोग केला. तिथे शालेय शिक्षण पूर्ण करायला ७५ तासांची सेवा किंवा शाळेने आखलेला पर्यायी कार्यक्रम सक्तीचा आहे. पुढे झालेल्या एका अभ्यासात दिसले की, आठवीतली मुले जास्त सेवा करू लागली, पण बारावीपर्यंत हे प्रमाण उलट घसरले. तास भरले, विषय मिटला. आपल्याकडे श्रेणीचे जे होते त्याहून हे फार वेगळे नाही.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात निवासी शाळेतल्या मुलांना सेप्टिक टँकमध्ये उतरवल्याचे उघड झाले आणि कारवाई झाली. सेवा आणि शिक्षा यांतला फरक मुलांना लगेच कळतो. खराटा नेहमी त्याच चार मुलांच्या हातात जात असेल, तर त्यांना आणि बाकीच्या वर्गालाही जात शिकवली जाते, सेवा नाही. पाळी सगळ्यांची हवी, मुलामुलींची सारखी हवी आणि संडास-गटाराचे काम यादीतच नको.

गाडगेबाबा काय करायचे?

गावात आले की आधी खराटा. रात्री कीर्तन, तेही प्रश्नोत्तरांचे. समोरच्याला विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. शिक्षणशास्त्रात आज ज्याला कामानंतरचे चिंतन म्हणतात, ते मूर्तिजापूर-दर्यापूरच्या पट्ट्यात फिरणारे बाबा कुठल्याही पदवीशिवाय करत होते. शाळांनी त्यातला सकाळचा भाग उचलला आणि रात्रीचा सोडून दिला. कचरा कुठून येतो, तो तिथेच का पडतो, उचलायचे काम कुणाचे होते, हे विचारायला एक तास ठेवला तरी चित्र बदलेल.

बाळापुरात काय करता येईल?

इथे विषय शोधत बसायची गरजच नाही. तो घशाखाली उतरतो. तालुक्याचा मोठा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. एप्रिल २०२३ मध्ये ६९ गावांच्या रखडलेल्या पाणी योजनेसाठी आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे निघाले होते.

आता सातवीच्या वर्गाने आपल्या गावातले हातपंप, विहिरी आणि नळ मोजायला घेतले, असे समजू. टीडीएस मीटर काही शे रुपयांत येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. प्रत्येक ठिकाणाचा आकडा, तारीख आणि ते पाणी किती घरे पितात, एवढे लिहायचे. सरासरी आणि आलेख गणितात, क्षार विज्ञानात, गाव भूगोलात. मीटरला जंतू किंवा फ्लोराइड कळत नाही, हेही शिकायला मिळते. त्यासाठी जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे ठरले आहे. मुलांनी त्या काकूंबरोबर जायचे.

बाळापूर शहरात मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमाचे निरीक्षण दोन्हीकडच्या मुलांनी मिळून केले, तर वर्षभर एकमेकांशी न बोलणारी मुले निदान एका वहीत लिहितील. किल्ल्याच्या तटावरून संगम दिसतो. तिथून सुरुवात करता येईल.

शिक्षकांवर आधीच माहिती भरायची कामे ढिगाने आहेत, त्यात हे आणखी कशाला, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच वर्षाला एकच प्रकल्प हवा, त्याचा फोटो पाठवायची अट नको आणि श्रेणी देताना एवढेच पाहावे की मुलाने आपल्या गावाबद्दल कोणता नवा प्रश्न विचारला. पाण्याचा तक्ता २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनीच वाचावा. त्यावर काय करणार, हे सरपंचांनी त्याच सभेत सांगावे आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.