कालनिर्णयवरच्या खुणा

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात रात्री अडीच-तीनला स्वयंपाकघरातला दिवा लागला, की मला कळतं, आईचे गुडघे ठणकायला लागलेत. विचारलं तर म्हणते, "पाणी प्यायला उठले गं, झोप तू." ती 72 वर्षांची आहे आणि गुडघ्यांची झीज सुरू होऊन 8 वर्षं झाली. निर्गुंडीचा पाला बांधून झाला, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक झाला, महानारायण तेलाच्या बाटल्या संपल्या. दुखणं फारच वाढलं की ती गोळी घेते. पोट आणि मूत्रपिंड यांच्यासाठी अशा गोळ्या रोज घेणं बरं नाही, म्हणून डॉक्टरांनी त्या जपून घ्यायला सांगितलंय.

दिवाळीत माझी भाची आली आणि तिने आजीच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. "आजी, लॅव्हेंडर आहे. रात्री गुडघ्यांना लाव, बघ कसं वाटतं." आईने वास घेतला आणि म्हणाली, "छान आहे, पण हे साबणासारखं वाटतं. औषधासारखं नाही."

मला मात्र ते नीट समजून घ्यावंसं वाटलं. बाटलीवर भद्रवाहचं नाव होतं. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या या डोंगराळ भागात पूर्वी मका पेरणारे शेतकरी आता लॅव्हेंडर लावतात. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेने त्यांना रोपं दिली, तेल काढायला शिकवलं. या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल अ‍ॅसिटेट ही दोन द्रव्यं मुख्य असतात, आणि मन शांत करण्याचा त्याचा गुण बहुतांशी त्यांच्यामुळेच आहे, असं मानतात.

मग सियागंजात गेले. तिथल्या जडीबुटीच्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने उस्तुखुद्दूसची पुडी पुढे केली. "दीदी, ये तो दिमाग़ का झाड़ू है." युनानी हकीम या वनस्पतीला खरंच मेंदूचा झाडू म्हणत आले आहेत. डोकेदुखी आणि जुनी सर्दी यांवर ती देतात. उस्तुखुद्दूस म्हणजे लॅव्हेंडरचीच एक जात, पण तिच्यात कापूर आणि फेंकोन जास्त. भद्रवाहच्या लॅव्हेंडरची ती बहीण असली तरी तिचे गुण वेगळे. म्हणून बाटली घेताना तिच्यावर वनस्पतीचं पूर्ण नाव, लॅव्हेंडुला अंगुस्टिफोलिया, लिहिलेलं आहे का हे पाहावं. नुसतं 'लॅव्हेंडर सुगंध' असं लिहिलेलं असेल तर ते खोलीत शिंपडायचं अत्तर समजावं.

आमच्या माळव्याला वेदनाशामक वनस्पती नवी नाही. मंदसौर-नीमचकडे परवान्यावर अफूची शेती होते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून मॉर्फिन काढतात. ते असह्य वेदनेचं औषध, कडीकुलपातलं. घरातल्या रोजच्या दुखण्याला लोक हाताशी असेल ते लावतात. म्हणूनच हाताशी असलेल्या गोष्टीत किती जोर आहे, हे कुणीतरी तपासायला हवं.

लॅव्हेंडरचा जोर इराणच्या संशोधकांनी तपासला आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धशिशीच्या 47 रुग्णांपैकी काहींना 15 मिनिटं लॅव्हेंडर हुंगायला दिलं, काहींना नुसतं पॅराफिन. लॅव्हेंडरवाल्यांच्या 129 झटक्यांपैकी 92 मध्ये थोडाफार तरी उतार पडला, तर पॅराफिनवाल्यांच्या 68 पैकी 32 मध्ये. म्हणजे ज्यांना लॅव्हेंडर मिळालं नव्हतं, त्यांचेही जवळजवळ निम्मे झटके उतरले. आईच्या दुखण्याला जवळचा अभ्यास 2016 चा आहे. त्यात गुडघ्यांच्या झिजेच्या 90 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला लॅव्हेंडर घालून मालिश, दुसऱ्याला साध्या बदामतेलाने, तिसऱ्याला मालिशच नाही. मालिश संपल्यावर आणि आठवड्याभराने लॅव्हेंडरवाल्यांचं दुखणं कमी होतं. चार आठवड्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

हे वाचल्यावर मी ठरवलं, आपण घरीच पाहू. आमच्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात आई दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी रोज सकाळी दोन आकडे लिहू लागले: आदल्या दिवसापासून गुडघे 10 पैकी किती दुखले, आणि रात्री किती वेळा उठावं लागलं. पहिल्या 15 रात्री नुसतं कोमट तिळाचं तेल. पुढच्या 15 रात्री त्याच तेलाच्या एका चहाच्या चमच्यात लॅव्हेंडरचे 2 थेंब. चोळणारी मीच, वेळ तीच, दहा मिनिटं. वास लपवता येत नाही, त्यामुळे कुठली रात्र कशाची हे आईला कळत होतं. मोठ्या अभ्यासांचीही हीच अडचण असते.

महिना झाला. दुखण्याच्या आकड्याची सरासरी दोन्ही पंधरवड्यांत सारखीच, सहाच्या आसपास. उठणं मात्र तीन-चार वेळांवरून एक-दोन वेळांवर आलं होतं. गुडघा होता तसाच राहिला, रात्र मात्र बरीच सोपी झाली. याचं मोल मला कळतं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, आणि दुखलं की पुन्हा झोप मोडते. हे चक्र एका बाजूने जरी सैल झालं, तरी माणसाला श्वास घ्यायला जागा मिळते.

पण त्या पानाने आणखी एक गोष्ट दाखवली. 8 आणि 9 हे आकडे एक सोडून एका चौकोनात पडलेले होते. ते चौकोन नळ आल्याच्या दुसऱ्या दिवसाचे होते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि त्या दिवशी आई उकिडवी बसून कळशा भरते, बादल्या उचलून मोरीत नेते. मी ते नेहमी पाहत होते. गुडघ्यांशी मात्र कधी जोडलं नव्हतं.

ते पान घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. एरवी "कसं आहे?" म्हटलं की आई "ठीक आहे" म्हणते आणि भेट संपते. या वेळी बोलणं आकड्यांपासून सुरू झालं. नळाला लांब पाइप लावून पिंप थेट भरायचं ठरलं. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडीचे स्नायू ताठ करून मोजत धरायचा, असा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला. गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात, म्हणून ते बळकट हवेत.

ज्यांच्या घरी तीन महिन्यांहून जुनं दुखणं मुक्कामाला आहे, त्यांना मी एवढंच सांगेन. लॅव्हेंडर जरूर वापरा, पण दुसऱ्या तेलात न मिसळता नुसतं कधी लावू नका, पोटात घेऊ नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. हवा लागून जुनं झालेलं तेल त्वचेला पुरळ आणू शकतं, म्हणून बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवा. दम्याचा त्रास असेल तर आधी विचारा. आणि सांधा लाल होऊन सुजला, ताप आला, पायात मुंग्या येऊन जोर गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

बाटलीबरोबर एक पेन्सिलही ठेवा. आपल्या घरांतल्या बायका दुधाचा, धोब्याचा, वाण्याचा हिशेब चुकू देत नाहीत. दुखण्याचा हिशेब मात्र त्या कुणाला दाखवत नाहीत.

परवा सकाळी मी आकडे विचारायला विसरले. संध्याकाळी पाहिलं तर दुधाच्या हिशेबाशेजारी आईच्या अक्षरात 7 लिहिलेलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदाच, कुणी न विचारता, तिने सांगितलं होतं की दुखतंय.