गाण्यांची वेष्टने जपताना

तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांच्या ध्वनिमुद्रिका असतील आणि त्यांतली गाणी संगणकावर उतरवून घेण्याचा उद्योग एखाद्या सुट्टीत तुम्ही केलाही असेल. गाणी उतरली की त्यांना वेष्टनाचे चित्र हवे असते. एमपी-३ फायलीत गाण्याबरोबर ते साठवताही येते. आपण इंटरनेटवर नाव शोधतो, समोर आलेल्या चित्रांतले आकाराने सर्वांत मोठे उचलतो आणि मोकळे होतो. ही सवय चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण भौतिकीतले आहे, म्हणून ते येथे मांडतो.

एक उदाहरण घेऊ. १९७९ मध्ये इंग्लंडमधील ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाची ‘अननोन प्लेझर्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे वेष्टन काळे आणि मध्यभागी एकाखाली एक अशा ८० पांढऱ्या नागमोडी रेघा. डोंगररांगांसारखे दिसणारे हे चित्र कल्पनेतून आलेले नाही. तो एका ताऱ्याचा आलेख आहे! जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये केंब्रिज येथे पहिला स्पंदक तारा, म्हणजे पल्सार, सापडला. दर १.३३७ सेकंदांनी त्याचा एक रेडिओ-स्पंद आपल्यापर्यंत पोहोचतो. हॅरोल्ड क्राफ्ट या संशोधकाने अरेसिबोच्या दुर्बिणीने (ती २०२० मध्ये कोसळली) असे एकामागून एक आलेले स्पंद नोंदवले आणि १९७० च्या आपल्या प्रबंधात ते एकाखाली एक रेखाटले. पीटर सॅव्हिल या आरेखकाने पांढऱ्यावरचे काळे ते काळ्यावरचे पांढरे केले, एवढेच.

आता हे वेष्टन तुम्हांला १०० पिक्सेल लांबी-रुंदीचे मिळाले असे समजा. एक रेघ आणि तिच्या शेजारची काळी फट वेगळी दिसायची तर निदान दोन बिंदू हवेत. म्हणजे ८० रेघांना निदान १६०, आणि तेही नुसत्या आलेखापुरते. भोवतालची काळी जागा वेगळीच. १०० बिंदूंत त्या रेघा मावणार कशा? तेथे राखाडी डागच उमटेल. बरे, कोणी हेच चित्र ताणून १००० पिक्सेलचे केले तर? आधी बिंदू होते १० हजार, आता झाले १० लाख. वरचे ९ लाख ९० हजार आले कोठून? साधा प्रोग्रॅम शेजारच्या बिंदूंवरून ते भरून काढतो, त्यामुळे चित्र धूसर दिसते आणि निदान फसवत तरी नाही. हल्लीचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम मात्र अंदाजाने छान, रेखीव रेघा काढून देतात. त्या रेघा त्या ताऱ्याच्या नसतात.

मी हे शहाणपण ठेच लागल्यावर शिकलो. वडिलांच्या संग्रहातली गाणी उतरवून झाल्यावर वाळवी लागलेली काही वेष्टने मी रद्दीत दिली. तबकड्या आहेत, गाणी आहेत, मग पुठ्ठा कशाला, असा विचार! त्यांत एका गायिकेच्या ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन होते. तिच्या साथीला तबल्यावर कोण होते हे फक्त वेष्टनाच्या मागे छापलेले होते. तबकडीवरच्या गोल कागदावर ते नाव नाही. पुढे मागच्या बाजूचे एक चिमुकले चित्र मिळाले. ते दोनदा मोठे करून पाहिले, तर दोन्ही वेळा सुवाच्य अक्षरांत नाव आले. पण दोन वेगळी नावे!

म्हणून सांगतो, घरात वेष्टन असेल तर चित्र शोधत बसू नका, तुम्हीच काढा. मोठ्या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन सुमारे १२ इंच चौरस असते, ते नेहमीच्या स्कॅनरवर मावत नाही. तुकड्या-तुकड्यांनी घेऊन जोडता येते, पण छायाचित्र सोपे. फ्लॅश नको. खिडकीतला उजेड वेष्टनावर तिरपा पडू द्या, म्हणजे परावर्तनाच्या नियमाप्रमाणे चकाकी भिंगाकडे न येता पलीकडे निघून जाईल. कॅमेरा वेष्टनाला समांतर धरा, नाहीतर चौरसाचा समलंब चौकोन होईल.

स्कॅनर वापरलात तर इंचाला ३०० बिंदू ठेवा, म्हणजे एका बाजूला ३६०० पिक्सेल मिळतील. कधी त्यात मूळ वेष्टनावर नसलेली लाटांची नक्षी उमटते. छपाई बारीक ठिपक्यांची असते. ते ठिपके आणि स्कॅनरचे बिंदू यांच्या अंतरांत थोडाच फरक असला की हा प्रकार होतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाज हेलकावे खातो ना? त्याचाच हा भाऊबंद. अशा वेळी इंचाला ६०० बिंदू घेऊन मग चित्र लहान करावे.

आणि मागची बाजू विसरू नका. माझ्या यादीत त्या ख्यालापुढचा तबलावादकाचा रकाना अजून कोराच आहे. तीच ध्वनिमुद्रिका ज्यांच्याकडे असेल अशा संग्राहकांकडे मी विचारत असतो.