ताळेबंद एकटीने जुळत नसतो



"घर आणि करिअर दोन्ही छान सांभाळते हो!" हे कौतुक आपण लेकी-सुनांचे फार करतो. आज या कौतुकाबद्दलच बोलायचे आहे, आणि उदाहरण घ्यायचे आहे करोनाकाळातल्या वकील मुलींचे. आपल्याकडे बी.कॉम. झाल्यावर एलएल.बी. करणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि न्यायालये लॅपटॉपवर आली. डॉक्टर, नर्स घराबाहेर जात, म्हणून त्यांचे काम सगळ्यांना दिसत होते. वकील मुलगी मात्र गळ्याला पांढरा बँड लावून बसली तरी घरच्यांच्या लेखी 'घरीच' होती. बोर्डावरचे आपले प्रकरण कधी पुकारले जाईल याचा नेम नसतो. कधी अर्ध्या तासात पाळी येते, कधी दिवस जातो. ती वाट पाहणे हेही कामच असते. पण "बसलीच आहेस तर एवढी भाजी निवड" असे किती घरांत ऐकू आले असेल!

शिकणाऱ्या मुलींचे तसेच. विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा मे महिन्यात व्हायची, ती पुढे जात जात २८ सप्टेंबर २०२० रोजी झाली. एवढे महिने अभ्यास तापता ठेवायचा, तोही कामवाली बाई येत नसताना. भावाचा अभ्यास असला की घर शांत, बहिणीचा असला की मध्येच कुकर लावायचा, हा भेद आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने त्या काळात एक समजूतदारपणा दाखवला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ दावे, अपिले दाखल करण्याच्या मुदतीतून वगळला. पक्षकारांना सवलत मिळाली. स्वयंपाकाला, धुण्याभांड्यांना, मुलांच्या ऑनलाइन शाळेला अशी मुदतवाढ कोणी दिली नाही.

मी कॉमर्सची. द्विनोंदी पद्धतीत पहिला धडा असा, की एका बाजूला जमा झाले की दुसऱ्या बाजूला नावे पडतेच. ताळेबंद जुळला म्हणजे खर्च झाला नाही असे नाही, तो कोणाच्या तरी खात्यावर लिहिला गेला. सुनेने 'दोन्ही सांभाळले' तेव्हा तो खर्च कुठे गेला? बहुधा तिच्या झोपेवर, नाहीतर सासूच्या गुडघ्यांवर. आणि जिथे दोन्ही खाती संपली, तिथे वकिलीच बंद झाली. नव्या वकिलाची कमाई आधीच तुटपुंजी. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम. मग "एवढ्याशा पैशांसाठी कशाला?" हा प्रश्न येतो, आणि तो सुनेलाच विचारला जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. सूर्यास्ताआधी जेवण. संध्याकाळची तीच घाईची वेळ सिनिअरांचे फोन येण्याचीही असते. म्हणून काही जणी म्हणतात, आपल्या नियमांत वकिली बसत नाही. मला हे पटत नाही. नियम साऱ्या घराचा असेल तर त्याची मेहनतही साऱ्या घराची. मुलाला चारला कणीक मळता येते, सासऱ्यांना ताटे मांडता येतात. यात कोणताही धर्म बुडत नाही.

"आम्ही नाही का केले सगळे?" असे माझ्या वयाच्या मैत्रिणी म्हणतील. केले. पण आपण दुकानाचा हिशोब रात्री ओट्याजवळ बसून लिहिला, तर तो थांबू शकत होता. न्यायाधीशांनी नाव पुकारल्यावर "थांबा, दूध उतू जातंय" म्हणता येत नाही.

महामारी सरली, पण घरून सुनावण्या आणि ऑनलाइन तासिका काही प्रमाणात राहिल्या आहेत. म्हणून ठरवूया: तिचे दार बंद असेल तर ती कामावर गेली आहे असे समजायचे. आणि पुढच्या वेळी कौतुक करताना तिचे करा, पण घरातल्या इतरांनाही विचारा, "तुम्ही काय सांभाळता?"