लेबल लावून लेकरू शिकत नाही

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये पत्ता आजही बॅरकीच्या क्रमांकाने सांगितला जातो. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे ज्या लष्करी बॅरकींत पडदे लावून राहिली, त्यांच्या जागी आता मजल्यावर मजले चढले आहेत. खाली जीन्सचे दुकान, वर शिकवणीवर्ग, आणि त्या वर्गाच्या शेजारी आता आणखी एक पाटी. कल्याणच्या पुढे बदलापूरपर्यंत कोणत्याही बाजारपेठेत ही पाटी सापडते. 'चाइल्ड असेसमेंट', 'लर्निंग सपोर्ट', 'ब्रेन प्रोफाइल' असे शब्द तिच्यावर असतात. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, कारण ज्या पालकाला तो नीट कळत नाही, तोच या दुकानाचा खरा गिऱ्हाईक होय.

या दुकानापर्यंत पालक पोहोचतो कसा? शाळेतून बोलावणे येते. "तुमचा मुलगा वहीत काही उतरवत नाही, वाचताना अडतो, याला कोणाला तरी दाखवून घ्या." दाखवून घ्या, म्हणजे शाळेने हात झटकले. घरी बसून जीन्सचे धागे कापण्याचे काम करणारी आई दोन महिन्यांची शिल्लक मोडते आणि मुलाला घेऊन जिना चढते. तेथे तासा-दोन तासांत काही चाचण्या होतात. आठवड्याने पानेच्या पाने इंग्रजी अहवाल तिच्या हातात पडतो. त्यातील एकच शब्द तिला नेमका उमगतो, तो म्हणजे पुढील सत्रांचे 'पॅकेज'.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. अध्ययन अक्षमता हे थोतांड नव्हे. बुद्धी उत्तम, दृष्टी ठीक, कान ठीक, घरात प्रेम आहे, शाळेत नियमित जाणे आहे, आणि तरीही मुलाला अक्षरे जुळवता येत नाहीत, 'घ' आणि 'ध' यांतला फरक डोळ्यांपुढे टिकत नाही, हातच्याची बेरीज पाचवीतही जमत नाही, असे घडते. ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे, आळस नव्हे. "आमच्या वेळी असले काही नव्हते, छडी होती", असे अभिमानाने सांगणारे काका आपल्या प्रत्येक कुटुंबात आहेत. त्यांच्या वेळीही हे सारे होते. त्या मुलांना 'ढ' म्हणत, मागच्या बाकावर बसवत, आणि सातवीत ती शाळा सोडून दुकानाच्या गल्ल्यावर वा कारखान्यात जात. आमीर खानचा 'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला तेव्हा चित्रपटगृहात डोळे पुसणाऱ्यांत हे काकाही होते. बाहेर पडल्यावर नातवाच्या प्रगतिपुस्तकावरून पुन्हा तीच छडी निघाली, हा भाग वेगळा.

तेव्हा प्रश्न अक्षमता खरी की खोटी हा नाही. प्रश्न आहे तो तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या बाजाराचा, आणि ज्यांनी हा बाजार उभा राहू दिला त्यांचा.

महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास १९९६ मध्ये प्रारंभ केला. त्या काळी अन्य राज्यांत या विषयाचे नावही फारसे निघत नव्हते. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात असे म्हटले आहे की, अशा मुलांना लवकरात लवकर ओळखणे आणि त्यांच्यासाठी अध्यापनाचे योग्य उपाय योजणे हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. कोणत्या संस्थेचे? सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आणि सरकारची मान्यता असलेल्याही. म्हणजे कॅम्प पाचमधील खासगी इंग्रजी शाळाही त्यात आली. "कोणाला तरी दाखवून घ्या" म्हणून पालकाला बाजारात पाठविणारी शाळा त्याच्यावर उपकार करीत नाही, ती स्वतःचे कायदेशीर कर्तव्य त्याच्या खिशातून पार पाडून घेते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष मुलांसाठी शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, निदान पदे तरी मंजूर करून अधिसूचित करा. साडेतीन वर्षांत सरकारी यंत्रणेची गती एवढी! रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. सरकार आणि शाळा यांनी सोडलेल्या जागेत पाटी लागली, एवढेच.

आता मूळ दुखण्याकडे वळू. कॅम्प पाचमधील एखाद्या सिंधी घरात डोकावून पाहावे. पणजोबांनी सिंधी भाषा अरबी वळणाच्या, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या बावन्न अक्षरांच्या लिपीत शिकली. आजोबांच्या पिढीपासून देवनागरी आली. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, उल्हासनगरात सिंधी माध्यमाच्या शाळाही उभ्या राहिल्या, परंतु त्यांतील मुले एकेक करून इंग्रजी माध्यमाकडे गेली. आज त्या घरातील सहा वर्षांचे मूल आजीशी सिंधीत, गल्लीत हिंदीत बोलते, शाळेत इंग्रजीत धडा घोकते आणि मराठीचा तास त्याला चौथ्या भाषेचा वाटतो. शेजारच्या मराठी घरात स्थिती निराळी नाही. जळगाव वा उस्मानाबादकडून (आताच्या धाराशिवकडून) पोट भरायला आलेल्या बापाने मुलाला ज्या इंग्रजी शाळेत घातले, तिच्यात शिकविणाऱ्या बाईंचेच इंग्रजी दोन वाक्यांपुढे जात नाही. हे मूल वाचताना अडते. अडणारच! ते मेंदूत अडते की माध्यमात, हे ठरविल्याशिवाय त्याच्या कपाळावर कोणतेही लेबल चिकटविणे हा अपराध आहे. आणि हे ठरविण्यासाठी मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासावे लागते. इंग्रजी उतारा वाचता आला नाही म्हणून मराठी वा सिंधी मुलाला 'डिस्लेक्सिक' ठरविणे म्हणजे पोहता येत नाही म्हणून चालण्याची परीक्षा नापास करणे होय.

उल्हासनगरला लेबलाचे गुपित कोणी सांगायला नको. येथे शिवलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहून त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगण्याचा विनोद सर्वश्रुत आहे. निर्वासित म्हणून रिकाम्या हाताने आलेल्या समाजाने जगाच्या परदेशी मालाच्या वेडाची ती मिश्कील फिरकी घेतली होती. आज त्याच शहरातील पालक परदेशी नावाच्या चाचणीला भुलतो, याचे वाईट वाटते. कारण घरचा माल कमअस्सल नाही. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची श्रेणी १९०५ मध्ये तयार केली, ती मागे पडणाऱ्या मुलांना साहाय्य मिळावे म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली आणि १९४० मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी हे नाव आजही या क्षेत्रात ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात फादर मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी जी श्रेणी सिद्ध केली, तिचे नाव २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये वाचनदोष तपासण्याची जी साधने आणली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही होती. सिंधी मात्र त्यांत नव्हती, आणि याची खंत ज्या शहराला सर्वाधिक वाटायला हवी तेथे त्याची चर्चाही झाली नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली ती मानसशास्त्राच्या अभ्यासावर, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून मराठी माणसाशी मराठीत बोलते आहे. उल्हासनगरहून ठाणे लोकलने किती दूर?

बाजाराचा सर्वांत ओंगळ नमुना अद्याप सांगायचा राहिला. बोटांचे ठसे घेऊन मुलाची जन्मजात बुद्धी, त्याचा कल, एवढेच नव्हे तर त्याने कोणती शाखा निवडावी हे सांगणारी 'डीएमआयटी' नावाची एक चाचणी शाळाशाळांतून विकली गेली आहे. गर्भावस्थेत ठसे आणि मेंदू एकाच सुमारास घडतात, म्हणून ठशांवरून मेंदू वाचता येतो, असा तिचा युक्तिवाद. जोडीला हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचे नाव घेतले जाते, ज्याचा बोटांच्या रेषांशी काडीचा संबंध नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट केले आहे. हात पाहून भविष्य सांगणारा जोशी बरा. तो सव्वा रुपया घेतो आणि संगणकाचे नाव सांगत नाही.

सर्वच खासगी केंद्रे अशी नाहीत, हे मान्य केले पाहिजे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तासभर, वर्षानुवर्षे एकेका मुलाबरोबर बसून त्याला अक्षरओळखीपासून पुन्हा उभे करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिका याच गल्ल्यांत आहेत, आणि उपचार म्हणायचा तर तोच आहे. वाचनदोषावर गोळी नाही. परंतु ही तपश्चर्या विकायला कठीण, आणि अहवाल विकायला सोपा. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलावरही शिक्का मारला जातो. २०१८ च्या सूचनांनुसार आठ वर्षांखालील मुलाला असे प्रमाणपत्र देताच येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२ च्या कायद्याने नोंदणीविना हा व्यवसाय करणे दंडनीय ठरविले, मात्र दंड किती? हजार रुपयांपर्यंत. एक वर्षापर्यंतचा कारावासही आहे, पण तो कागदावर. जिना चढणाऱ्या पालकाने फीविषयी बोलण्याआधी नोंदणी क्रमांक विचारला, तर निम्मी दुकाने तेथेच गांगरतील.

आणि प्रमाणपत्र? ते सरकारमान्य रुग्णालयातूनच मिळते. त्यासाठी वर्षानुवर्षे विठ्ठलवाडी-अंबरनाथची आई लोकल पकडून सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या वा परळच्या केईएमच्या रांगेत उभी राहत आली. ते हाती येईपर्यंत दहावी उंबरठ्यावर असते. मग जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, मूल उत्तीर्ण होते. वाचायला मात्र शिकलेले नसते. परीक्षेची सवलत ही कुबडी आहे, पाय बळकट करण्याचे काम तिसरी-चौथीत व्हायला हवे होते.

कॅम्प पाचमध्ये शाळांच्या इमारती सायंकाळी सहानंतर रिकाम्या असतात. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर, व्यवस्थापन समित्यांवर आपल्याच ओळखीची माणसे आहेत. गणेशोत्सव मंडळे आहेत, सिंधी पंचायती आहेत, वस्तीत संस्कारवर्ग चालविणारे कार्यकर्ते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. तीन-चार शाळांनी मिळून एक प्रशिक्षित विशेष शिक्षिका पूर्ण वेतनावर नेमली, तिच्या हाताखाली या निवृत्तांनी बसून मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत वाचायला शिकविले, तर वरच्या मजल्यावरील पॅकेजची गरज किती मुलांना उरेल? फाळणीनंतर येथे सुमारे लाखभर माणसे आली. १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले तेव्हा या वस्तीत धड छपरे नव्हती, तरी शाळा निघाल्या होत्या. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पालकसभेत फीवाढीवर तासभर भांडण होईलच. त्यातील पाच मिनिटे काढून एवढेच विचारावे की, सोळाव्या कलमाखाली या शाळेने गेल्या वर्षी किती मुले ओळखली आणि त्यांना कोणी शिकविले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.